फेकून द्यायच्या थरात सापडलेली रिक्तिका : योशिनोरी ओसुमी आणि सायटेशनचा हिशोब

सूक्ष्मदर्शी

गेल्या आठवड्यात एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "मॅडम, कुठल्या विषयात काम केलं की सायटेशन लवकर मिळतात?" सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि हा प्रश्न तिने मनापासून काळजीने विचारला होता. मला तेव्हा धड उत्तर सुचलं नाही. घरी येताना एसटीत खिडकीशी बसले आणि पूर्ण वाटभर डोक्यात योशिनोरी ओसुमी घोळत राहिले. तिला जे सांगायचं होतं ते इथे लिहिते आहे.

ओसुमी जपानचे पेशीवैज्ञानिक. जन्म 1945, फुकुओका. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं, ऑटोफॅजीसाठी, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने, बिघडलेले भाग गुंडाळून पचवते त्या प्रक्रियेसाठी. नोबेलनंतरचे ओसुमी सगळ्यांना माहीत आहेत. मला त्यांची त्याआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात.

1974 मध्ये ते न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडेलमन यांच्याकडे पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला गेले. एडेलमन यांना 1972 चं नोबेल प्रतिपिंडांच्या रचनेसाठी मिळालेलं होतं. तिथे ओसुमींना काम मिळालं उंदरांच्या बीजांडाच्या शरीराबाहेरच्या फलनाचं, ज्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. ते जमेना, म्हणून शेवटी ते यीस्टकडे वळले. यीस्टच्या पेशी फोडून केंद्रकं वेगळी करायची, तर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. केंद्रकं खाली बसतात आणि वर एक पांढुरका थर तरंगतो. त्यांना केंद्रकं हवी होती, वरचा थर टाकूनच द्यायचा होता. ओसुमींनी तो थर मायक्रोस्कोपखाली ठेवून बघितला. त्यात नुसत्या रिक्तिका होत्या, म्हणजे पेशीतल्या पटलाच्या पिशव्या, जवळजवळ शुद्ध.

हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगते. ज्यांनी सेंट्रिफ्यूजची नळी हातात धरली आहे त्यांना कळेल की वरचा थर पिपेटने ओढून बेसिनमध्ये सोडायला दोन सेकंद पुरतात. आपण सगळे तेच करतो, मीही शेकडो वेळा केलं आहे.

1977 मध्ये ते टोकियो विद्यापीठात परतले आणि त्याच रिक्तिकेच्या पटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात यावर काम करू लागले. तेव्हा यीस्टची रिक्तिका म्हणजे पेशीची कचरापेटी अशीच समजूत होती. त्यात काही बघण्यासारखं असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, आणि ओसुमींना नेमकी तीच गोष्ट सोयीची वाटली. आपला स्वभाव स्पर्धेचा नाही, जिथे गर्दी आहे तिथे धावायला आवडत नाही, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे.

स्वतःची लॅब त्यांना मिळाली 1988 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी. छोटी जागा, हाताशी मायक्रोस्कोप. प्रश्न साधाच होता: ही कचरापेटी खरोखर कचरा पचवते का, आणि कधी? यीस्टला नायट्रोजन मिळाला नाही की ती बीजाणू बनवू लागते, म्हणजे आतलं अख्खं घर मोडून नवं बांधते. मग तेव्हाच पचन सर्वांत जोरात चालत असणार. पण जे क्षणात पचतं ते दिसणार कसं? त्यांनी रिक्तिकेतली प्रथिनं पचवणारी विकरं नसलेली यीस्ट घेतली. पचनच बंद केलं, तर जे आत येईल ते साठत राहील.

त्या यीस्टला त्यांनी नायट्रोजनविना ठेवलं. काही तासांत, साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली, रिक्तिका बारीक गोल पुटकुळ्यांनी भरून गेल्या आणि त्या पुटकुळ्या आत थरथरत, एकमेकींना ढकलत नाचत होत्या. ओसुमी तासन्‌तास ते बघत बसले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कळलं की पेशीद्रवाचेच तुकडे पटलात गुंडाळून आत टाकले जात आहेत. 1992 मध्ये हे 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त छापून आलं.

ऑटोफॅजी हा शब्द मात्र जुना. क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी 1963 मध्ये तो वापरला. लयकारिका, म्हणजे प्राण्यांच्या पेशीतल्या पचनाच्या पिशव्या, शोधणारे ते हेच. म्हणजे शब्द होता, प्राण्यांच्या पेशींत चित्रं दिसली होती, पण कुठली जनुकं हे घडवतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ओसुमींची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा हिने यीस्टमध्ये उत्परिवर्तनं घडवली आणि उपासमारीतही ज्यांच्या रिक्तिकेत पुटकुळ्या साठत नाहीत अशा पेशी शोधायला सुरुवात केली. एकेक वसाहत उपाशी ठेवायची, काचपट्टीवर घ्यायची, डोळ्यांनी बघायची. पहिली सापडली तिचं नाव एपीजी-1. या पेशी उपासमारीत लवकर मरतात हे लक्षात आलं, आणि मग तीच खूण धरून बाकीच्या शोधल्या. 1993 मध्ये त्या दोघांनी 15 जनुकांचा पेपर 'फेब्स लेटर्स'मध्ये दिला. छोटा पेपर, मध्यम दर्जाचं मानलं जाणारं जर्नल.

आता सायटेशनकडे येते. त्या काळात ऑटोफॅजीवर जगभरात वर्षाला मूठभर पेपर निघत. जे क्षेत्रच नाही त्यातला पेपर उद्धृत कोण करणार? 1993 च्या त्या पेपरची पहिली वर्षं कुठल्याही समितीपुढे ठेवली असती तर आकडा अगदी किरकोळ दिसला असता. ओसुमी पूर्ण प्राध्यापक झाले ते 1996 मध्ये, ओकाझाकीच्या मूलभूत जीवशास्त्र संस्थेत. वय 51. आज ऑटोफॅजीवर वर्षाला हजारोंनी पेपर निघतात, कर्करोग, पार्किन्सन, संसर्ग, वार्धक्य, सगळीकडून, आणि त्यांची मुळं त्या 15 जनुकांपर्यंत जातात.

मी स्वतः यीस्टवर पीएच.डी. केली आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाखतीत समितीने माझ्या प्रबंधाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एच-इंडेक्स (आपल्या किती पेपरांना किमान तेवढीच सायटेशन मिळाली तो आकडा) किती, एवढं विचारलं, कागदावर लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. ते मला अजून लागतं. म्हणून या विषयावर मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः जे संशोधनात आहेत त्यांचे.

---

घाटवाट

फार सुंदर लिहिलं आहे. मी अभियंता, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं, पण नळीतला वरचा थर डोळ्यांसमोर उभा राहिला. एक शंका: आता ओसुमींचा सर्वांत जास्त उद्धृत पेपर तो 1993 चाच असेल ना? ज्यामुळे नोबेल मिळालं तो?

---

सूक्ष्मदर्शी

@घाटवाट, नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. त्यांचं नाव असलेल्या पेपरांत 2000 साली 'एम्बो जर्नल'मध्ये आलेला एलसी-3 वरचा पेपर 1993 च्या पेपरच्या कितीतरी पुढे आहे. त्यात सस्तन प्राण्यांच्या पेशीत ऑटोफॅजी चालू आहे का हे ओळखायची खूण मिळाली. यीस्टमधल्या एका जनुकाचा आपल्या पेशींतला भाऊबंद म्हणजे हे एलसी-3 प्रथिन. ऑटोफॅजी सुरू झाली की ते पुटकुळीच्या पटलाला जाऊन चिकटतं आणि जेलवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करून बघायच्या थरावर, त्याची दुसरी पट्टी उमटते. कर्करोगाची लॅब असो की मेंदूची, प्रत्येकाला ती पट्टी दाखवावी लागते, आणि दाखवली की तो पेपर उद्धृत करावा लागतो.

पद्धत देणारा पेपर शोध देणाऱ्या पेपरपेक्षा जास्त उद्धृत होतो, हे जुनंच आहे. आजवरचा सर्वांत उद्धृत पेपर 1951 चा, लाउरी यांचा, द्रावणात प्रथिन किती हे मोजायची रीत सांगणारा. 2014 मध्ये 'नेचर'ने यादी केली तेव्हा तो तीन लाखांच्या वर होता. दुसरा लेम्ली यांचा, 1970 चा. तो मुळात एका विषाणूचं डोकं कसं जुळतं यावर आहे, पण लोक उद्धृत करतात त्यातल्या जेलच्या पद्धतीसाठी. वॉटसन-क्रिकचा डीएनएचा पेपर त्या यादीत पहिल्या शंभरातसुद्धा नव्हता. तो पाठ्यपुस्तकात गेला, आणि पाठ्यपुस्तकात गेलेली गोष्ट कुणी उद्धृत करत नाही. न्यूटनला कोण उद्धृत करतं?

---

तिसरी घंटा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका ताई.

मी एका विद्यापीठात 28 वर्षं प्रशासनात काढली. आकडे नव्हते तेव्हा निवडी कशा होत ते डोळ्यांनी पाहिलं आहे. कोण कुणाचा विद्यार्थी, कुणाचा जावई, कुणाच्या गावचा. खेड्यातून आलेल्या, गाईडचं मोठं नाव पाठीशी नसलेल्या मुलाकडे दाखवायला काहीच नसायचं. सायटेशन आले तेव्हा निदान त्याच्या हातात एक कागद आला: "साहेब, माझं काम मेक्सिकोतल्या माणसाने वापरलं आहे." तो कागद बघून एका मुलाची निवड झालेली मी पाहिली आहे, जी त्याआधी कधीच झाली नसती.

तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण आकडे काढून टाकले तर त्या जागी काय येणार, याचा विचार करा. आपल्याकडे त्या जागी वशिला येतो.

---

सूक्ष्मदर्शी

राग कसला दादा. हा मुद्दा मी लिहायला हवा होता. मीही खेड्यातूनच आले आहे आणि तो कागद माझ्याही कामी आला आहे.

माझं म्हणणं एवढंच की आकड्यासोबत कुणीतरी पेपर उघडून वाचावा. समितीत पाच माणसं असतात, उमेदवार वीस. प्रत्येकाचा एकच पेपर, त्याने स्वतः निवडलेला, आधी वाचून यायचं. हे अशक्य नाही. पेशीवैज्ञानिकांनीच हे मोठ्याने मांडलं होतं: डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात संपादक-संशोधक एकत्र बसले आणि 'डोरा' जाहीरनामा निघाला. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) माणसाची किंमत करू नका, काम बघा, हा त्याचा गाभा.

इम्पॅक्ट फॅक्टर तर मुळात ग्रंथपालांना कुठलं जर्नल मागवावं हे ठरवायला उपयोगी पडावा असा होता. एच-इंडेक्स हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवला. माझ्या मुलाखतीत त्या आकड्याचं वय माझ्या पीएच.डी.पेक्षा फार जास्त नव्हतं.

---

उंबरठा

माझ्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर एकादशीला फिरतं: "उपवासाने पेशी शुद्ध होतात, जपानी शास्त्रज्ञाला यासाठी नोबेल मिळालं." ते हेच का? सासूबाई मधुमेही आहेत आणि हा मेसेज वाचून निर्जळी करतात. खरं काय ते सांगाल का, मला त्यांना समजवायचं आहे.

---

सूक्ष्मदर्शी

@उंबरठा, हो, ते हेच. आणि मेसेज चुकीचा आहे.

ओसुमींचा शोध यीस्टच्या पेशीत ही यंत्रणा कशी चालते आणि कुठली जनुकं ती चालवतात याचा. माणसाने किती तास उपाशी राहावं याबद्दल त्या कामात काही नाही. उपासमारीत पेशी स्वतःचे भाग पचवून तग धरतात हे खरं, उंदरांतही दिसलं आहे. पण अमुक तास उपास केला की अमुक रोग जातो, यासाठी नोबेल दिलेलं नाही. ऑटोफॅजी आपल्या पेशींत कमी-अधिक प्रमाणात रोजच चालू असते, जेवलेल्या दिवशीही.

मधुमेहाची औषधं चालू असताना निर्जळी उपास करणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली येऊ शकते. त्यांना त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू देऊ नका. श्रद्धेचा उपास त्यांनी जरूर करावा, पण कसा ते डॉक्टरांना विचारून. आणि त्यासाठी ओसुमींच्या नावाची गरज नाही हे त्यांना प्रेमाने सांगा.

हेही एक प्रकारचं सायटेशनच आहे, न वाचता केलेलं. शास्त्रीय पेपरांतही असं होतं. दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलायचा, मूळ पेपर उघडायचाच नाही. चूक एकाची, आणि ती पुढे पन्नास जणांकडे जाते.

---

पाटाचं पाणी

लेख आवडला. एक नाव जोडते: डॉ. कमल रणदिवे. पुण्यात 1917 चा जन्म, माहेरचं नाव समर्थ, शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन. एम.एस्सी.चं काम सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर. मग मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाचं संशोधन, 1949 मध्ये पीएच.डी., आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे. हेला पेशी, म्हणजे शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या माणसाच्या पहिल्या पेशी, ज्या लॅबमध्ये वाढवल्या, तीच ही लॅब. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

कुणी कुणाला उद्धृत केलं याची सूची, सायन्स सायटेशन इंडेक्स, निघाली 1960 च्या दशकात. त्यांचं पायाभूत काम त्याआधीचं. आणि प्रयोगशाळा उभी करणं, शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवायला माणसं शिकवणं, याला सायटेशन कुठून मिळणार? त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी जे पेपर लिहिले त्यात त्या आहेत, पण संदर्भयादीत शोधून सापडणार नाहीत. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्यांनी इतर वैज्ञानिक स्त्रियांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. माझ्या आईने त्यांना एका व्याख्यानात ऐकलं होतं. शब्द आठवत नाहीत म्हणते, पण नऊवारीतल्या बायकाही पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या एवढं तिच्या लक्षात आहे.

---

सूक्ष्मदर्शी

@पाटाचं पाणी, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. मनापासून आभार. सीताफळाच्या गुणसूत्रांचं मला माहीत नव्हतं.

---

दूरदेशी

मी जर्मनीत पोस्टडॉक आहे, ऑटोफॅजीशी संबंधित कामच करतो, म्हणून एक आतली गोष्ट.

ही जनुकं यीस्टमध्ये बऱ्याच गटांनी जवळपास एकाच सुमारास शोधली. ओसुमींच्या गटाने एपीजी म्हटलं, जर्मनीत थुम यांच्या गटाने एयूटी, अमेरिकेत क्लायोन्स्की वेगळ्या वाटेने आले, त्यांनी सीव्हीटी. पुढे कळलं की बरीचशी जनुकं एकच आहेत. एकाच जनुकाला तीन नावं. 2003 मध्ये सगळ्यांनी मिळून एटीजी हे एकच नाव ठरवलं, ओसुमींचे एपीजीही एटीजी झाले. नाव सोडून देणं सोपं नसतं. आपण ठेवलेलं नाव पुसलं जातं, जुन्या नावाने शोधणाऱ्याला आपला पेपर सापडत नाही. पण सगळ्यांनी ते केलं, आणि त्यामुळेच क्षेत्र एवढं भरभर वाढलं असं मला वाटतं.

आणखी एक. 2013 मध्ये थॉमसन रॉयटर्स या कंपनीने सायटेशनच्या आधारे नोबेलयोग्य लोकांची नावं जाहीर केली त्यात ऑटोफॅजीवर काम करणारे क्लायोन्स्की, मिझुशिमा आणि ओसुमी तिघंही होते. 2016 मध्ये समितीने एकट्या ओसुमींना निवडलं. आकडा त्या तिघांपर्यंत बरोबर घेऊन आला होता. त्यापुढे पहिल्यांदा कुणी बघितलं हे ठरवायला 1992 आणि 1993 चे पेपर उघडावे लागले असणार.

---

मोरपंखी

मी बुरशीच्या वर्गीकरणावर काम करते. सह्याद्रीत पानांवर वाढणाऱ्या बुरशीची नवी जात नोंदवली की जगात ती वाचणारे पंधरा-वीस जण. तेच उद्धृत करणार, तेही पुढची जात सापडेल तेव्हा. माझ्या शेजारच्या टेबलावर कर्करोगाच्या पेशींवर काम करणारा मित्र वर्षात माझ्या दहापट सायटेशन घेतो, आणि आम्ही दोघं एकाच फॉर्मवर एकाच रकान्यात आकडा भरतो. तो माझा चांगला मित्र आहे, त्याचं काम उत्तम आहे, यात त्याचा दोष काहीच नाही. पण पन्नास वर्षांनी ती टेकडी खणून गेलेली असेल, तेव्हा तिथे काय उगवत होतं हे माझ्या नोंदीवरूनच कळणार आहे.

---

घाटवाट

@मोरपंखी, तुमच्या कामावर वेगळा धागा काढा ही विनंती. बुरशीवर मराठीत फारच कमी वाचायला मिळतं.

@सूक्ष्मदर्शी, शेवटचा प्रश्न. मुलीच्या शाळेत मायक्रोस्कोप आहे. त्या नाचणाऱ्या पुटकुळ्या घरच्या यीस्टमध्ये दिसतील का?

---

सूक्ष्मदर्शी

पुटकुळ्या नाही दिसणार. बाजारच्या यीस्टमध्ये विकरं शाबूत असतात, आत आलेलं लगेच पचून जातं. पण रिक्तिका नक्की दिसते. चिमूटभर ड्राय यीस्ट कोमट पाण्यात थोडी साखर घालून अर्धा-पाऊण तास ठेवा. एक थेंब काचपट्टीवर घ्या, खूप पाणी घालून पातळ करा नाहीतर पेशींची गर्दी होते, वर आच्छादनकाच ठेवा. चाळीसच्या भिंगाखाली, प्रकाश कमी करून बघा. लंबगोल पेशीत एक स्वच्छ, गोल, रिकामी वाटणारी जागा दिसेल, तीच रिक्तिका. एखादीत बारीक ठिपका उड्या मारताना दिसला तर तो साधारणपणे फॉस्फेटचा कण असतो, ऑटोफॅजी नव्हे. मुलीला आधीच सांगून ठेवा.

आणि ज्या विद्यार्थिनीने मूळ प्रश्न विचारला होता, तिला मी सोमवारी हा धागा दाखवला. तिने सगळा वाचला. मग म्हणाली, "मॅडम, गेल्या महिन्यात माझ्या कल्चरच्या एका फ्लास्कमध्ये तळाशी काहीतरी वेगळं साकळलं होतं. दूषित झालं असेल म्हणून मी टाकणार होते, पण अजून फ्रिजमध्येच आहे." बहुतेक दूषितच असणार. उद्या सकाळी दहा वाजता आम्ही दोघी तो मायक्रोस्कोपखाली ठेवतो आहोत.